नवा बुश, जुनेच दुखणे: बीएसए ए६५च्या टायमिंग साइडचा बुश पुन्हा पुन्हा का जातो

बीएसए ए६५ या जुन्या ब्रिटिश दोन सिलिंडरच्या मोटरसायकलचे हे लक्षण ठरलेले असते. थंड इंजिन सुरू केले की ऑइल प्रेशर झकास, आणि इंजिन नीट तापले की काटा खाली बसतो. बुश, म्हणजे क्रँकशाफ्टचे टोक ज्यात फिरते ती धातूची नळी, बदलला की काही दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. दुसरा बुश, तिसरा बुश. शेवटी डाव्या बाजूचा कनेक्टिंग रॉड क्रँककेस (पुढे नुसती ‘केस’) फोडून बाहेर येतो आणि खापर रॉडवर फुटते.

रॉडचा बहुतेक वेळा दोष नसतो. डावा बिग एंड, म्हणजे रॉडचे क्रँकवर बसणारे टोक, ऑइलच्या वाटेवर सर्वांत शेवटी आहे, म्हणून उपाशी आधी तोच मरतो. ऑइल पंपातून निघते, केसमधल्या भोकातून उजवीकडच्या म्हणजे टायमिंग साइडच्या बुशात येते, तिथून क्रँकच्या आडव्या भोकातून आत शिरते, मग उजवा बिग एंड, मग स्लज ट्रॅप (क्रँकमधली गाळ साठवणारी नळी) ओलांडून डावा. या बुशाला त्यामुळे दोन कामे आहेत. तो क्रँकला आधार देतो, आणि फिरत्या क्रँकमध्ये ऑइल भरणारा सांधाही तोच आहे. आधार म्हणून जो बुश अजून चालला असता, तो सांधा म्हणून कधीच निकामी झालेला असतो.

थोडे गणित इथेच करून टाकू. क्रँकच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून ऑइलला मध्याकडे जायचे असते, आणि फिरणारा क्रँक त्याला बाहेर फेकत असतो. दीड इंची, म्हणजे साधारण ३८ मिमीचा शाफ्ट धरला तर ६,००० आरपीएमला हा उलटा दाब सुमारे ९ पीएसआय येतो, ७,०००ला सुमारे १२. तेवढे प्रेशर निव्वळ ऑइल आत ढकलण्यात खर्ची पडते. दुसरी गोष्ट गळतीची. बुश आणि शाफ्ट यांच्यातल्या फटीतून वाहून जाणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणून ‘थोडा प्ले आहे, चालेल’ हे वाक्य इतर बुशांबद्दल खरे असेल, इथे नाही.

उघडण्याआधी: बुशच आहे का?

प्रेशर पडले की लगेच बुशावर आरोप करू नका. ज्या केसला ऑइल प्रेशर स्विचचे भोक आहे तिथे गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापवून मोजा. जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व्ह साधारण ५० पीएसआयला उघडतो. गरम इंजिनात ३,००० आरपीएमला ४०च्या आसपास प्रेशर असेल तर गाडी बिनधास्त चालवा. तिथेच २०च्या खाली जात असेल तर केस उघडावी लागणार. गरम आयडलला काटा ५ ते १० दाखवतो, त्यावरून घाबरू नका.

मग पंप बघा. झिंक मिश्रधातूच्या बॉडीचा जुना पंप बसवताना जास्त आवळला की बॉडी वाकते आणि गिअर अडकतात किंवा खरवडतात. कास्ट आयर्न बॉडीच्या पंपात हा त्रास नाही. रिलीफ व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा अडकला असला तरी लक्षण हेच दिसते, आणि ते पाच मिनिटांचे काम आहे. आधी तेच करा.

पंप आणि बुश यांच्यातला निवाडा करणारी चाचणी सोपी आहे. टायमिंग कव्हर आणि पंप काढा, केसमधल्या फीडच्या भोकाला बाहेरून एक प्रेशरचा डबा जोडा, त्यात एसएई ४० ऑइल भरा आणि ४० पीएसआय हवा द्या. मग बघत बसा. शाफ्टच्या भोवतीने टायमिंग चेस्टमध्ये (कव्हरमागच्या गिअरच्या कप्प्यात) ऑइलची धार लागली तर बुश गेला आहे. थेंब थेंब पाझरले तर बुश ठीक आहे, पंपाकडे वळा.

शाफ्टच्या टोकाला डायल गेज टेकवून क्रँक वर-खाली हलवून पाहणे हा पूरक पुरावा आहे. त्यात डाव्या बाजूच्या बेअरिंगचा प्लेही मिसळतो, म्हणून एकट्या त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

जुना बुश वाचा

निघालेला बुश भंगारात टाकण्याची घाई नको. नवा बुश का टिकणार नाही हे त्याच्यावर लिहिलेले असते.

आतल्या टोकाला एका बाजूला आणि बाहेरच्या टोकाला बरोबर विरुद्ध बाजूला घासलेला असेल, तर बुशाचा अक्ष आणि डावीकडच्या बेअरिंगचा अक्ष एका रेषेत नाहीत. बुश पुन्हा पुन्हा जाण्याचे सर्वांत मोठे कारण हेच, आणि नव्याने बसवलेला तयार मापाचा बुशही त्याच तिरक्या रेषेत जाऊन बसतो.

फक्त आतल्या टोकाला तुतारीसारखा पसरला असेल तर क्रँक लवचला आहे. दोनच मेन बेअरिंगवर टांगलेला ट्विनचा क्रँक चढ्या आरपीएमला वाकतो. त्यावर बुशाचा इलाज नाही. क्रँकचे बॅलन्सिंग तपासा आणि उजव्या हाताला आवर घाला.

सगळीकडे सारखे बारीक चरे म्हणजे कचरा. स्लज ट्रॅप साफ न करता आधीचा बुश बदलला होता, हे नक्की समजा. काळपट-निळसर होऊन धातू लडबडला असेल तर फट कमी होती किंवा पहिल्यांदा सुरू करताना ऑइल पोचले नव्हते.

आणि बाहेरचा घेर बघायला विसरू नका, तिथे बहुतेकजण बघतच नाहीत. बाहेरून चकचकीत पट्टे पडले असतील तर बुश केसमध्ये सैल झाला आहे. तो फिरला असेल तर त्याचे ऑइलचे भोक केसच्या भोकासमोरून सरकले असणार, आणि मग बिग एंडला काहीच मिळत नाही. प्ले वाढून गेलेला बुश सावकाश मारतो, फिरलेला बुश काही मिनिटांत.

कामाचा क्रम

आधी क्रँक, मग केस, शेवटी बुश. हा क्रम उलटा केला की खर्च दोनदा.

क्रँकचा टायमिंग साइडचा जर्नल (बुशात फिरणारा शाफ्टचा भाग) मायक्रोमीटरने तीन जागी, प्रत्येक जागी दोन दिशांनी मोजा. ०.०१ मिमीपर्यंतचा लंबगोलपणा सोडून द्या. ०.०२ झाला तर ग्राइंड करून घ्या. ग्राइंडरला कोपऱ्याची गोलाई जपायला बजावून सांगा. ती काढून काटकोनी खाच पाडली तर क्रँक तिथूनच तुटतो. बुशाच्या आतल्या कडेचे चँफर (तिरका उतार) या गोलाईपेक्षा मोठे हवे. नसले तर बुश जर्नलवर न बसता गोलाईवर चढतो, आणि सगळी मापे बरोबर असूनही पहिल्या तासात पकडतो. ही चूक मापांच्या कागदावर कुठेच दिसत नाही. खात्री करायची तर गोलाईवर निळा रंग लावून बुश हाताने फिरवून बघा.

क्रँक बाहेर आहे तोवर स्लज ट्रॅपचा प्लग काढून नळी उपसून धुवा. ब्राँझचा चुरा एकदा ऑइलमध्ये गेला की तिथेच जमतो, आणि पुढच्या बुशाची वाट बघतो.

केसचे भोक बोअर गेजने मोजा. आधीचा बुश फिरला असेल तर भोक वाटोळे राहिलेले नसते. ते आधी बोर करून गोल करा आणि बुशाचा बाहेरचा घेर त्यावर बेतून वाढवा. बुशाच्या अंगावर नर्लिंग करून (खरबरीत दाते उठवून) किंवा लॉकिंगचे रसायन लावून तो घट्ट करणे ही फसवणूक आहे. नर्लिंगच्या टोकांवर उभा राहिलेला बुश केसला उष्णता देत नाही, आणि रसायन ऑइलच्या भोकात उतरते.

कोणता धातू

लेडेड ब्राँझ, एसएई ६६० जातीचे, हा आमचा पहिला पर्याय. शिसे असल्यामुळे क्षणभर ऑइल कमी पडले तरी ते शाफ्टला पकडत नाही आणि बारीक कचरा पोटात घेते. चांगल्या प्रतीचे गनमेटलही चालते. फॉस्फर ब्राँझ कडक असते. जर्नल तेवढाच कडक आणि रेषा अगदी अचूक असेल तरच ते घ्या. अॅल्युमिनियम ब्राँझ नको. ते बळकट आहे, पण ते बळ इथे शाफ्टच्या मुळावर येते. ऑइल मुरवलेला सच्छिद्र ब्राँझचा तयार बुश तर अजिबात नको. बुशात प्रेशरने ऑइल द्यायचे आहे, आणि ते छिद्रांतूनच पाझरून जाते.

घट्टपणा किती, आणि गरम झाल्यावर किती उरतो

उदाहरण घेऊ. केसचे भोक ४४.५० मिमी मोजले. ब्राँझचा बुश बाहेरून ४४.५८ ते ४४.६० ठेवा, म्हणजे ०.०८ ते ०.१० मिमी घट्ट, तीन ते चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग). लेथवाल्याला एवढे जास्त वाटेल, कारण लोखंडात बुश बसवायला तो निम्मे ठेवतो. पण ही केस अॅल्युमिनियमची आहे. इंजिन ९० अंश सेल्सिअसला पोचले की अॅल्युमिनियम ब्राँझपेक्षा जास्त फुगते आणि घट्टपणातले ०.०१२ मिमी जातात. बुश पोलादी पाठीचा असेल तर ०.०३ मिमीपेक्षा जास्त जातात. पोलादी पाठीचा बुश ०.०४ने घट्ट बसवला तर गरम इंजिनात तो जवळपास मोकळाच असतो. थंडीत हातोड्याने हलणार नाही, आणि रस्त्यावर फिरेल.

बुश आत गेला की त्याचे आतले भोक दाबले जाते. पातळ भिंतीच्या बुशात घट्टपणाचा बराच मोठा हिस्सा आत उतरतो, ०.०९ने घट्ट बसवलेला बुश आतून ०.०६ ते ०.०८ मिमीने सहज आवळतो. हे आकुंचन केसच्या जाडीप्रमाणे सगळीकडे सारखे नसते. त्यामुळे अंदाज धरून आधीच फायनल मापाला वळलेला बुश कधीच नीट बसत नाही. आतून अर्धा मिमी माल ठेवा आणि बसवल्यावर बोर करा.

बसवताना केस ओव्हनमध्ये १५० अंशांना सारखी तापवा, बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. या मापांना दीड दशांश मिमीचा फरक पडतो, घट्टपणा वजा जाऊनही जागा उरते आणि बुश हाताने सरकत जातो. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवलेली केस वाकते. हातोडा तर नकोच, भोकाला ओरखडा पडला की पुढचा बुशही तिरका. हाताशी वेळ दोन-तीन सेकंदांचा असतो, म्हणून ऑइलची भोके समोरासमोर यावीत यासाठी बुशाच्या फ्लँजवर (टोकाच्या रुंद कडेवर) आणि केसवर आधीच खूण करून ठेवा. केस गार होताना बुशाची फ्लँज केसपासून किंचित उचलली जाऊ शकते, तेव्हा दाबून धरा.

घट्टपणावर पूर्ण विसंबू नका. फ्लँजच्या कडेला अर्धी पिन बुशात, अर्धी केसमध्ये अशी पोलादी पिन घाला आणि तिचे डोके थ्रस्टच्या (क्रँकचा आडवा रेटा घेणाऱ्या) पातळीखाली एक मिमी दाबून ठेवा.

लाइन बोरिंग

सगळा खेळ इथे आहे. एकटी उजवी केस मशिनवर बांधून, तिच्याच भोकावर डायल लावून बोर केलेला बुश त्या केसपुरता सरळ असतो. क्रँकला मात्र दोन्ही केसच्या मधली रेषा हवी असते.

दोन्ही केस स्वच्छ करून, डॉवेलसह, सगळे स्टड आणि बोल्ट पूर्ण टॉर्कला आवळून एकत्र बांधा. जोडाच्या पृष्ठभागावर जुन्या गॅस्केट सिमेंटचा एक पापुद्रा राहिला तरी रेषा हलते. डावी बाजू वर ठेवून मिलिंग किंवा जिग बोरिंग मशिनवर बांधा. १९६६पासूनच्या रोलर बेअरिंगच्या इंजिनात बाहेरची रेस (बेअरिंगचे कडे) केसमध्येच ठेवून तिच्या ट्रॅकवर डायल फिरवा, कारण क्रँक प्रत्यक्षात तिच्यावरच धावणार आहे. १९६५पर्यंतच्या बॉल बेअरिंगच्या केसमध्ये बेअरिंगच्या भोकावर डायल लावा. ०.०१ मिमीच्या आत आल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग बोरिंग बार डाव्या भोकातून खाली उतरवून बुश बोर करा. बार लांब पडतो म्हणून शक्य तितका जाड घ्या, टूल अगदी धारदार ठेवा आणि शेवटचा कट ०.०५ मिमीचा घ्या. बार थरथरला तर भोक दिसायला चकचकीत आणि मोजायला लाटांचे होते.

केस न हलवता, त्याच सेटिंगमध्ये फ्लँजचा आतला चेहराही फेस करा. रोलरच्या इंजिनात क्रँकचा थ्रस्ट याच चेहऱ्यावर येतो. तो भोकाशी काटकोनात नसेल तर एका चंद्रकोरीवर सगळा भार जातो आणि ब्राँझ चिरडते.

मशिन उपलब्ध नसेल तर डाव्या बेअरिंगमध्ये बसणारा पायलट असलेला लांब रीमर चालतो. मोकळा, हाताने धरलेला रीमर मात्र आधीच्या वाकड्या भोकामागेच जातो.

फायनल माप घेण्याआधी केस खोलीच्या तापमानाला येऊ द्या, घाई नसेल तर दुसऱ्या दिवशी घ्या. शाफ्ट ३८.०२ मिमी असेल तर भोक ३८.०६ ते ३८.०७ ठेवा. थंडीत ०.०४ ते ०.०५ मिमीची फट, दीड ते दोन थाऊ. गरम झाल्यावर ती आपोआप दोन शतांशांनी वाढते, आणि तेवढ्यानेच गळती साधारण तिप्पट होते. ‘सेफ्टी’ म्हणून थंडीतच ०.०८ ठेवणारे कारागीर भेटतात. त्यांचा बुश पकडत नाही हे खरे. त्यांच्या गिऱ्हाइकाचा रॉड तुटतो. दुसऱ्या टोकाला ०.०२५च्या खालची फट ठेवली तर ती वर सांगितलेल्या लवचण्याला पुरत नाही.

बोर झालेल्या ब्राँझवर एमरी पेपर कधीही फिरवू नका. त्याचे दाणे मऊ धातूत रुततात आणि शाफ्टला कायमची कानस लागते.

भोके आणि खाचा

नमुना जुन्या बुशावरूनच घ्या: भोकाचा व्यास, आतल्या खाचेची रुंदी, फ्लँजपासूनचे अंतर. खाच रुंद केली की ऑइल जास्त जाईल असे वाटते, पण भार पेलणारी जागा तेवढीच कमी होते आणि कडेची गळती वाढते. बसवलेल्या बुशातून केसच्या भोकात तार घालून वाट मोकळी असल्याची खात्री करा. बोरिंगनंतर भोकाच्या कडेला आत वळलेली बारीक कंगोरी हाताने काढा, ती पहिल्या फेऱ्यातच शाफ्टवर रेघ ओढते.

एंड फ्लोट

रोलर बेअरिंगच्या इंजिनात क्रँकची आडवी चाल ०.०४ ते ०.०८ मिमी असावी. डाव्या बाजूला क्रँकचा वेब आणि बेअरिंगची आतली रेस यांच्यात शिम (पातळ चकत्या) घालून ती ठरते. शिम वाढवले की चाल कमी. नव्या बुशाच्या फ्लँजची जाडी जुन्यापेक्षा निराळी असणारच, म्हणून जुने शिम तसेच परत घालू नका. चाल शून्य झाली तर फ्लँज जळते. फार झाली तर क्रँक डावी-उजवीकडे आपटत फ्लँज कुटत राहतो. केस पूर्ण आवळून डायल गेजने मोजा, उघडा, शिम बदला, पुन्हा मोजा. तीनदा करावे लागले तर नवल नाही.

सुई बेअरिंगचे रूपांतर

बुश काढून तिथे नीडल रोलर, म्हणजे सुई बेअरिंग, बसवणे आणि ऑइल ट्रायम्फप्रमाणे टायमिंग कव्हरमधून सीलद्वारे थेट क्रँकच्या टोकात देणे, हा सर्वांना माहीत असलेला दुसरा मार्ग. फायदा खरा आहे. ऑइल मध्यातूनच आत जाते, त्यामुळे वर मोजलेला उलटा दाब आडवा येत नाही, आणि आधाराची झीज ऑइल पुरवठ्याला भोवत नाही. वारंवार केस उघडून कंटाळलेल्याने आणि लांब पल्ल्याला गाडी वापरणाऱ्याने हे करावे.

पण दोन गोष्टींवर हे काम फसते. नीडल बेअरिंग थ्रस्ट घेत नाही. फ्लँज गेली म्हणजे क्रँकला आडवे धरून ठेवणारे कुणीतरी डाव्या बाजूला हवे: बॉल बेअरिंग, किंवा दोन्ही दिशांनी अडवणारे रोलर. ते न बदलता फक्त उजवीकडे नीडल घातले तर क्रँक टायमिंग गिअरसकट फिरता फिरता सरकतो. दुसरे, कव्हरमधले सीलचे घर क्रँकच्या टोकाशी एककेंद्री हवे आणि सीलची ओठाळी पंपाकडच्या प्रेशरच्या दिशेला. ते उलटे बसले तर सगळे ऑइल टायमिंग चेस्टमध्ये. क्रँकमधले जुने आडवे भोक बंद करायचे असते, हेही विसरले जाते. आणि लाइन बोरिंग नीडलच्या घरालाही तितकेच लागते.

सुरू करताना

जुळवणीत बुशाला ऑइल चोपडून भागत नाही. पंप बसवण्याआधी फीडच्या भोकातून ऑइलच्या डब्याने दाब देत राहा, दोन्ही बिग एंडमधून ऑइल टपकेपर्यंत. डावीकडून येईपर्यंत थांबा. मग स्पार्क प्लग काढून, टाकीत परतीचे ऑइल दिसेपर्यंत किक मारा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत पंपाजवळचा बॉल व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर टाकीतले ऑइल केसमध्ये उतरते. तेव्हा सुरू करण्याआधी संप (केसचा तळ) रिकामा करा.

पहिले ऑइल १५० किलोमीटरला काढा आणि पांढऱ्या फडक्यातून गाळा. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर काही दिसले नाही म्हणून समाधान मानू नका, ब्राँझ मॅग्नेटला चिकटत नाही. फडक्यावर थोडी सोनेरी झाक दिसली तर ते रन-इन. पुढच्या ५०० किलोमीटरच्या बदलाला ती नाहीशी झाली पाहिजे. नखाला लागतील असे कण दिसले तर इंजिन पुन्हा सुरू न करता एंड फ्लोट मोजा, आणि फ्लँज बघा.